दादाच्या नावावरची गाडी

आमच्या घरात भूत मानत नाहीत. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले अंगारे, ताईत, टाक सगळं पोत्यात भरून बाहेर काढलं, तेव्हापासूनची ही शिस्त. त्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मेलेला माणूस परत येत नाही, चिंचेवर कोणी बसलेलं नसतं, मानगुटीवर बसतं ते आपलंच भ्यालेलं मन, हे मी दर वर्षी पोरांना तासभर समजावून सांगतो आणि पोरं माना डोलावतात. गेल्या मे महिन्यात मी मेलेल्या माणसाच्या नावानं बारा दिवस परदेशात गाडी चालवली. तेव्हापासून हा तास मी पोरांकडं न बघता, फळ्याकडं बघून घेतो.

तो माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. पेडगावात त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीतली, बोअरमधली जळालेली मोटार काढून आणायची, तिच्यात तांब्याची नवी तार भरायची आणि परत नेऊन बसवायची, हे त्याचं काम. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी छातीत कळ आली म्हणाला, स्वतःच्या पायांनी रिक्षात चढून बसला आणि परभणी यायच्या आत गेला. त्याला आणि वहिनीला मूल नाही. मागं राहिली वहिनी, आमची माय आणि त्याची मोटारसायकल.

आमच्याकडं माणूस जातो, त्याचं नाव जात नाही. आमचं लाइटबिल अजून आजोबांच्या नावानं येतं. शेजारच्यांचा सातबारा त्यांच्या पणजोबाच्या नावावर आहे आणि त्यावरून चार चुलतभाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. कागदावरून मयताला काढायच्या कामाला तलाठी ऑफिसात ‘नाव कमी करणे’ म्हणतात. हे काम कोणी लवकर करत नाही. हेलपाटे, वारसाचे दाखले, साहेब जाग्यावर नसणं, हे सगळं खरंच आहे. पण मला विचाराल तर आपल्या हातानं आपल्या माणसाला कमी करणं कोणाच्यानं होत नाही, हे त्यातलं खरं कारण. गाडी तशीच दादाच्या नावावर राहिली. त्याचा मोबाइल नंबरही वहिनीनं चालू ठेवला, दर महिन्याला न चुकता रिचार्ज मारून. बँकेचे ओटीपी त्यावर येतात असं त्या सांगतात. बँकेत त्यांचं फारसं काही येत-जात नाही.

लुंबिनीला गाडीवर जायचं हे दादाचं खूळ. बुद्धाचा जन्म जिथं झाला तिथं विमानानं कशाला जायचं, असं तो म्हणायचा, जसं काही विमान आमच्यासाठी पेडगाव फाट्यावर थांबून होतं. तीन उन्हाळे त्यानं माझ्यामागं लकडा लावला आणि तीन उन्हाळे मी ‘पुढच्या मेमध्ये’ म्हणालो. एकदा निवडणुकीची ड्यूटी होती, एकदा घराची गच्ची गळत होती, तिसऱ्यांदा तर काही कारणही नव्हतं. मला कंटाळा आला होता, एवढंच. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे.

म्हणून गेल्या मेमध्ये निघालो. बायको-पोरं सुट्टीत सेलूला माहेरी गेली होती. खिसा बेताचाच, त्यामुळं लॉजमध्ये उतरायचं नाही, विहार किंवा धर्मशाळा बघायची, आणि होईल तेवढं सोबतचंच खायचं असं ठरवलं. वहिनीनं दुधात भिजवलेल्या ज्वारीच्या दशम्या दिल्या, शेंगदाण्याची चटणी दिली, आणि डबाभर येसर. येसर म्हणजे भाजलेल्या डाळींचं आणि मसाल्याचं पीठ. गरम पाण्यात कालवलं की आमटी तयार. माय दारात उभी होती. दोन-अडीच वर्षांत तिची आठवण पार विस्कटली आहे. कधी मला नावानं हाक मारते, कधी पाहुण्यासारखं बघते. त्या दिवशी तिनं गाडीच्या टाकीवरून हात फिरवला आणि आत गेली.

मायबद्दल एक गोष्ट इथंच सांगायला हवी. दादा गेल्यावर काही महिन्यांनी ती त्याला विचारायला लागली. कुठं गेला, अजून का आला नाही. आम्ही खरं सांगायचो, आणि ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. आज सांगितलं की उद्या पुन्हा तेच. एका बाईला तोच पोरगा किती वेळा गमवायला लावायचा? मग हळूहळू तिचं विचारणंच थांबलं. विसरली की सोसलं, ठाऊक नाही. पाचसहा महिने घरात शांतता होती, आणि त्या शांततेला मी आणि वहिनी जपत होतो.

नागपूर, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर. उन्हानं टाळू भाजत होती आणि ट्रकवाले मला किडामुंगी समजत होते. पण खरा त्रास वेगळाच होता. जन्मभर या गाडीवर मी मागं बसलेला माणूस. पुढच्या सीटचा फोम दादाच्या बैठकीनं दबलेला, त्या खळग्यात मी बसायचो आणि तो मला मोठा व्हायचा. आरसेही त्याच्या उंचीचे. माझ्या डोळ्यांना त्यात मागचा रस्ता दिसायचा नाही, नुसतं आभाळ. पाना काढून आरसा फिरवायला एक मिनिट लागतं. मी तो फिरवला नाही. मागून येणारी गाडी बघायला मान वळवायचो, आणि मान वळवली की मागची सीट रिकामी दिसायची.

सीमेवर कागद बघणाऱ्या बाबूनं आरसी घेतली, माझं लायसन्स घेतलं आणि दोन्हीतली नावं ताडून बघितली. गाडी दुसऱ्याची असेल तर मालकाचं संमतीपत्र लागतं, हे मला ठाऊक होतं. ते मी घरूनच लिहून नेलं होतं: ‘मी माझी गाडी माझ्या धाकट्या भावास नेपाळला नेण्यास राजीखुशीनं देत आहे.’ खाली दादाची सही. ती मीच केली होती, आणि वाईट याचं वाटलं होतं की ती माझ्या सहीपेक्षा सुबक आली. नाव कमी करायला जी हिंमत लागते ती तीन वर्षांत झाली नाही, आणि खोटी सही करायला चहा निवायच्या आत झाली.

बाबूनं पत्र वाचलं. त्यावर कुठल्या ऑफिसाचा शिक्का नव्हता. त्याची चूक काहीच नव्हती, माणूस सरळ होता. हिंदीत म्हणाला, “मालिक आपका भाई है ना? फोन लगाइए, मैं दो मिनट बात कर लेता हूँ।”

 खरं सांगितलं तर पत्र खोटं ठरणार, गाडी अडकून पडणार, आणि दादाची म्हणून उरलेली ती एकच चालती वस्तू परक्या मुलखात गंजत राहणार. मागं रांग होती. मी खिशातून फोन काढला आणि ‘दादा’ या नावावर बोट ठेवलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच. रिंग वाजायला लागली. बाबूनं फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला.

“बोला भाऊजी,” वहिनी म्हणाल्या.

मी म्हणालो, “वहिनी, दादाला द्या फोन. गाडीच्या कागदासाठी साहेबांना त्याच्याशी बोलायचंय.”

पलीकडं चुलीवर काहीतरी चरचरत होतं तेवढंच. मला वाटलं आता त्या ओरडतील, रडतील, निदान फोन तरी ठेवतील. मग त्यांचा आवाज आला, अगदी साधा, रोजच्यासारखा.

“ते न्हाईत घरी. मोटार बसवाय गेलेत. सांजच्याला येतील.”

बाबूनं हिंदीत विचारलं, गाडी तुमचीच का? भावाला दिली आहे का? वहिनीनं आमच्याकडच्या हिंदीत ठणकावून सांगितलं, “हमारे मालक की गाडी है. उन्होंनेच दी है भाई कू. तुम छोडो उसको, उन्हाचा मरायलाय तिथं.” बाबू हसला. त्यानं शिक्का मारला आणि बारा दिवसांच्या परवान्याची पावती माझ्या हातात दिली. पावतीवर एकच नाव होतं, गाडीच्या मालकाचं. माझा जीव भांड्यात पडला, आणि भैरहवाच्या रस्त्याला लागेपर्यंत मी चक्क शीळ घालत होतो.

संध्याकाळी फोन वाजला आणि पडद्यावर ‘दादा’ अशी अक्षरं आली. मी लुंबिनीला विहाराच्या ओट्यावर दशमी खात बसलो होतो. घास तोंडातच राहिला. वहिनी दादाचाच फोन वापरत होत्या, बोलणं तिकडूनच झालं होतं, हे सगळं कळत होतं. तरी फोन उचलायला मला वेळ लागला.

“भाऊजी, मी बोलले ते बराबर झालं ना?”

“झालं. वहिनी, मी तुमाला आधी सांगायला पाहिजे होतं...”

“त्ये ऱ्हाऊ द्या. मामी दारात येऊन बसल्यात.” वहिनी मायला मामी म्हणतात. “मी फोनवर बोलायले तर त्या मागंच उभ्या व्हत्या. ते मोटार बसवाय गेलेत, सांजच्याला येतील, एवढं ऐकलं त्यांनी. तवापसून बसल्यात. जेवायला उठनात. त्यो आल्यावर संगंच जेवते म्हणायल्यात.”

मी हातातली दशमी डब्यात ठेवली. मग विचारलं, “तुमी सांगितलं का काही?”

“न्हाई. मी सांगणार बी न्हाई.” त्यांचा आवाज चढला नाही, पण तो मला ओळखीचाही वाटला नाही. “हे तुमी लावलेलं हाय. तुमी या आन तुमीच सांगा. माज्यानं आता पुन्ना होत न्हाई.”

गोष्ट एवढी सरळ होती. लुंबिनी उद्या सकाळी बघून होणार होती. गाडी वळवायची, पाच दिवसांत घरी पोचायचं आणि मायला सांगायचं. पावतीवर बारा दिवस होते, पण ते संपवलेच पाहिजेत असा काही कायदा नाही. सकाळी निघतो, असं मी वहिनीला म्हणालो. तेव्हा ते मी मनापासून म्हणालो होतो.

विहारातल्या मुक्कामाच्या वहीत गाडीची पावती बघून नाव उतरवतात. सकाळी मी मंदिराकडं जाऊन आलो. तळ्याचं पाणी हिरवं, भोवती वेगवेगळ्या देशांची माणसं हलक्या पायांनी फिरत होती, आणि जुन्या विटांच्या मधोमध, काचेखाली, जन्माची नेमकी जागा दाखवणारा तो दगड. मी त्रिशरण म्हणायला लागलो. दादा ते नेहमी एक सूर खाली म्हणायचा आणि मला हसू यायचं. त्या दिवशी माझाच सूर खाली गेला. मी थांबलो, घसा साफ केला, पुन्हा म्हणायला लागलो, आणि पुन्हा तो तिथंच गेला. परत येऊन गाडीला सामान बांधत होतो, तेव्हा मागून एका म्हाताऱ्या भंतेंनी वहीतलं नाव घेऊन हाक मारली. दादाचं नाव. मी वळलो.

चपापलो नाही, थांबलो नाही. स्वतःचं नाव ऐकल्यासारखा सरळ वळलो आणि “जी भंते” म्हणालो. ते मला उरलेली केळी देत होते. केळी घेतली, वंदन केलं, आणि मग गाडीला टेकून उभा राहिलो.

मी सीमेकडं वळलो नाही. बुटवलवरून घाटात शिरलो. वहिनीला सांगितलं, पुढं रस्ता बंद आहे, दोन दिवस लागतील. घाटात दरडी कोसळत असतातच, त्यामुळं खोटं बोलायला सोपं गेलं. खरं कारण मला त्या वेळीही कळत होतं. मी इथं असेन तोवर दादा तिथं मोटार बसवायला गेलेला आहे आणि संध्याकाळी येणार आहे. मी घरी पोचलो की तो मरणार होता, आणि ते माझ्या तोंडून होणार होतं.

तानसेनला एका चढावर टपरीवजा घर होतं. तिथली बाई माझ्यापेक्षा मोठीच असेल, पण मला ‘दाइ’ म्हणाली. तिकडं कोणालाही तसंच म्हणतात, थोरला भाऊ या अर्थानं. मला आयुष्यात कोणी दादा म्हटलं नव्हतं, घरात ती जागा भरलेली होती. तिनं विचारलं, “एक्लै?” एकटाच का, एवढंच. रस्त्यात हा प्रश्न मला पंचवीस जणांनी विचारला असेल. त्या दिवशी माझ्या तोंडून “नाही” निघून गेलं. तिनं मागं रस्त्याकडं बघितलं, मान हलवली आणि दोन चहा आणून ठेवले. मी दोन्ही प्यालो. दुसरा निवला होता, तरी प्यालो. पैसे घेताना ती रस्त्याकडं बघत राहिली, आणि मीही बघत राहिलो.

त्यानंतर मी स्याङ्जा, पोखरा, मग काळीगंडकीच्या काठानं वर, असा फिरलो. डोंगर सुंदर होते असं लोक विचारल्यावर मी सांगतो. खरंतर मला त्यातलं फार थोडं आठवतं. आठवतात ते नाके. पोलीस पावती बघायचे, नाव मोठ्यानं वाचायचे, मी “हो” म्हणायचो, ते “जाऊ द्या” म्हणायचे. एखाद्या वाडीत गरम पाणी मागून येसर कालवायचो, आणि आपोआप जास्त पाणी घालून ठेवायचो, दोघांना पुरेल असं. स्वतःवरच वैतागायचो. अरे मास्तर ना तू, म्हणायचो, पोरांना काय शिकवतोस. असं मोठ्यानं बोलल्यावर बरं वाटायचं, पण आवाज दादासारखा यायला लागलाय असं वाटून पुन्हा गप्प व्हायचो.

रोज संध्याकाळी पडद्यावर ‘दादा’ यायचं. वहिनी थोडक्यात सांगायच्या. आज मामींनी धुतलेलं लुगडं नेसलंय. आज त्याच्यासाठी पाणी तापवून ठेवायला लावलं. आज फाट्यावरून कोणाची गाडी गेली तर उठून गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या, पडता पडता वाचल्या. एकदा मी न राहवून विचारलं, “माय माझं काही विचारती का?”

वहिनी मग म्हणाल्या, “न्हाई ओ. त्याचंच विचारत्यात.”

मला राग आला. खोटं कशाला सांगू? मरून गेलेल्या भावाचा राग आला. जिवंत पोरगा परक्या देशात दरीच्या काठाकाठानं गाडी हाकतोय आणि माय मेलेल्याला आंघोळीचं पाणी तापवतेय. बाराव्या दिवसापर्यंत मी थांबलो यात तोही राग होता. त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी तो ओसरला आणि मला माझीच शिसारी आली.

अकराव्या संध्याकाळी वहिनी असंही म्हणाल्या, “भाऊजी, एक सांगू का? त्या दिवशी बोलून गेले ना, ते मोटार बसवाय गेलेत म्हणून... दिवसभर लय हलकं वाटलं बगा. सांजच्याला मलाबी वाटलं, येतील.” आणि त्यांनी फोन ठेवला. त्या एका वाक्यानं मी खरा हललो. एक खोटी सही करून मी दोन बायांना दारात बसवून ठेवलं होतं. दुसरा दिवस पावतीचा शेवटचा होता. दुपारच्या आत सीमा ओलांडली. त्या नाक्यावर पावती परत घेतात. बाबूनं नाव वाचलं, मी शेवटचं “हो” म्हणालो.

परतीच्या पाच दिवसांत मी एकच गोष्ट केली. हेल्मेटच्या आत वाक्य घोकत राहिलो. माय, दादा येणार नाही. जबलपूरला ते लांबलचक होतं. त्यात सीमा होती, बाबू होता, माझी माफी होती. नागपूरला अर्धं गळलं. यवतमाळ, पुसद, हिंगोली. ओळखीची काळी रानं, उन्हाळवाहीची ढेकळं, आणि वाक्य चार शब्दांचं उरलं.

पेडगाव फाट्यावर आलो तेव्हा ऊन नुकतं कलत होतं. तिथं मी इंजिन बंद केलं. गाडीच्या आवाजावर माय उठते हे वहिनीनं सांगितलेलं. तो आवाज ऐकून ती धावत यायची, आणि समोर मी दिसायचो. ते मला नको होतं. हेल्मेट हँडलला अडकवलं आणि सामानासकट गाडी ढकलत निघालो. पारावरचे म्हणाले, “काय मास्तर, नेपाळहून ढकलत आणली का काय?” दुसरा म्हणाला, “पेट्रोलचा खर्च वाचवला बगा.” मी हसलो. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. तीन आठवड्यांची दाढी, चेहरा काळा ठिक्कर.

माय दारात बसली होती. धुतलेलं लुगडं, पायाशी पाण्याचा तांब्या. मी गाडी भिंतीला लावली. ती हळूहळू उठली, माझ्याकडं न बघता गाडीपाशी आली आणि टाकीवर हात ठेवला. टाकी उन्हानं तापलेली होती, तरी हात तिथंच ठेवला.

“गाडी त्याचीच हाय,” ती म्हणाली. “त्यो कुठंय?”

“माय, मी आलोय.”

तिनं माझ्या दाढीकडं बघितलं. पदर सारखा केला. “तुमी कुठले बाबा? गाडी आणून द्याय आलात का?”

वहिनी भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी आतून आल्या आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मी मायला ओट्यावर बसवलं, तिच्यासमोर खाली बसलो आणि तिचे दोन्ही हात धरले. घोकलेलं सगळं होतं जिभेवर.

“माय, दादा येणार न्हाई. त्यो गेलाय. तीन वर्सं झाली.”

तिनं ऐकलं. ऐकताना तिचा चेहरा कसा होत गेला ते मी लिहिणार नाही. ती मोठ्यानं रडली नाही. पुढं-मागं झुलत राहिली, तोंडातून बारीक आवाज येत राहिला. वहिनी तिथंच खाली बसल्या. मी हात सोडले नाहीत. मला वाटत होतं, झालं, सांगून झालं, आता जे व्हायचं ते होईल.

मग ती एकदम थांबली. माझं मनगट तिनं घट्ट धरलं आणि चेहरा जवळ आणला.

“धाकट्याला कळवलं का?”

मी वहिनीकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

“त्यो परमुलखात हाय,” माय म्हणाली. “गाडीवर गेलाय. एकटाच हाय ओ माजं लेकरू, संगं कोणी न्हाई. त्याला फोनवर सांगू नका, बाबा. वाटंत कुठं ऐकलं तर गाडी कशी आवरंल त्याच्यानं? नुसतं म्हणा, मायला बरं न्हाई, ये. घरी आला, भाकर खाल्ली, का मग मी सांगते त्याला. तुमी सांगू नका.”

“न्हाई सांगत, माय,” मी म्हणालो.